चेटकिणींना गाळू नका, आणि जाळूही नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'च्या मराठी प्रयोगावरून आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलीकडे दोन पत्रं छापून आली. एका वाचकाचं म्हणणं असं की, ज्या कोल्हापुरात फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या गावात रंगमंचावर मॅकबेथला भविष्य सांगणाऱ्या तीन चेटकिणी नाचवू नयेत. नाटक करायचंच तर त्या तिघींना गाळून टाकावं आणि त्यांचे संवाद मॅकबेथच्या मनातला आवाज म्हणून ध्वनिक्षेपकावरून ऐकवावेत. दुसऱ्या वाचक भगिनींना नेमका तोच भाग आवडला होता. धूर, हिरवा उजेड, लांब वाकडी नाकं, पोरांच्या किंकाळ्या. पैसे वसूल झाले, असं त्यांनी लिहिलं.

प्रयोग मीही पाहिला. रंगभूषा हा माझा व्यवसाय. हात थरथरायला लागले तसा ब्रश खाली ठेवला. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या रंगपटात माझं निम्मं आयुष्य गेलं. शाहू महाराजांनी उभं केलेलं ते जुनं पॅलेस थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, ऐन केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी जळालं आणि आमच्या हौशी संस्थांचा आसराच गेला. हा प्रयोग एका कॉलेजच्या हॉलमध्ये झाला. विंगा अपुऱ्या, पंखे कुरकुरणारे, तरी मुलांनी जीव ओतला होता. त्यांच्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही, कारण मला जे खटकलं ते मी इतरही प्रयोगांत पाहिलं आहे.

मला दोन्ही पत्रं पटली नाहीत आणि न पटण्याचं कारण एकच आहे. चेटकिणी गाळा म्हणणारे आणि चेटकिणींनीच नाटक तारलं म्हणणारे, दोघंही मॅकबेथला डंकन राजाच्या खुनातून सोडवतात.

त्या तिघी त्याला नेमकं काय सांगतात ते एकदा नीट वाचावं. पहिली त्याला ग्लॅमिसचा सरदार म्हणते, दुसरी कॉडॉरचा, तिसरी म्हणते तू पुढे राजा होशील. बस्स. 'मार' हा शब्द त्यांच्या तोंडी नाही. डंकन राजाचं नाव नाही, कधी, कुठे, कशाने, यातलं काही नाही. त्याच्या सोबतच्या बँको या सरदारालाही त्या सांगतात की तू राजा होणार नाहीस, पण तुझ्या वंशात राजे होतील. दोघांनी एकाच माळावर, एकाच वेळी, एकाच तोंडून ऐकलं. बँकोच्याही मनात वारं शिरतंच. त्याला त्या तिघींची स्वप्नं पडतात, आणि खुनाच्या रात्री तो देवाला विनवतो की झोपेत येणारे हे पापी विचार माझ्यापासून दूर ठेव. मॅकबेथ त्याच रात्री त्याच वाड्यात म्हाताऱ्या पाहुण्याला, म्हणजे डंकन राजाला, भोसकतो.

शेक्सपिअरने ही गोष्ट होलिनशेड या इंग्रज बखरकाराच्या बखरीतून उचलली. त्या बखरीत बँको हा राजाच्या खुनात मॅकबेथचा साथीदार आहे. नाटकात त्याला निर्दोष केलं, याचं एक कारण सरळ आहे: तेव्हा गादीवर असलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे आणि राजाच्या पूर्वजाला खुनी दाखवून चालणार नव्हतं. पण कारण काहीही असो, त्यामुळे नाटकात एक साक्षीदार उभा राहिला. तेच भविष्य ऐकून हात न उचलणारा माणूस मॅकबेथच्या शेजारी सतत दिसत राहतो. म्हणूनच मॅकबेथला तो जिवंत नको असतो. वंशाचं भविष्य हे त्याने स्वतःला सांगितलेलं कारण, पण बँकोच्या राजाला शोभणाऱ्या स्वभावाचीच आपल्याला धास्ती वाटते, हेही तो त्याच भाषणात कबूल करतो.

भविष्य ऐकताच मॅकबेथ दचकतो. लगेच बँको विचारतो, अरे, इतकं चांगलं कानावर पडलं आणि तू दचकलास का, घाबरलास कशाला? सगळ्या नाटकात मला ही ओळ सर्वांत मोलाची वाटते. राज्य मिळणार असं ऐकून माणूस हरखेल, हसेल, थट्टेवारी नेईल. दचकतो तो ज्याच्या मनातलं कुणीतरी मोठ्याने बोलून दाखवलं तो. आपल्या प्रयोगातल्या नटाने या दचकण्याला अर्धा सेकंदही दिला नाही, कारण त्याच वेळी धुराचं मशीन सुरू झालं होतं.

पुढे बायको त्याला भरीस घालते तो पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश काढून बघा. ती त्याच्या मर्दानगीवर बोलते, दिलेल्या शब्दावर बोलते, अंगावर पाजलेल्या मुलाची भयंकर भाषा करते. आणि म्हणते, हा विषय तूच माझ्याकडे काढलास, तेव्हा ना वेळ जुळून आली होती ना जागा, तरी तू दोन्ही जुळवायला निघाला होतास. या सगळ्या वादात चेटकिणींचा उल्लेख एकदाही नाही. नवऱ्याला खुनाला तयार करायचंय आणि हाताशी एवढं मोठं भविष्य आहे, तरी तिला त्याची गरज वाटत नाही. वाटली असती तर शेक्सपिअरने एक ओळ घातली असती.

आता आपल्या प्रयोगात काय झालं ते सांगतो. खुनाच्या आधी हवेत खंजीर दिसण्याचं स्वगत आहे. मॅकबेथ तो पकडायला जातो, हाती लागत नाही, तेव्हा तो स्वतःलाच विचारतो की हा खरा की माझ्या तापलेल्या डोक्यातून निघालेला. मग तो स्वतःच्या कमरेचा खंजीर उपसतो. तो हात कमरेकडे जातो त्या क्षणासाठी सगळा पहिला अंक रचलेला आहे. इथे दिग्दर्शकाने तिघींना विंगेतून आणलं आणि मॅकबेथच्या मागे उभं केलं. त्यांनी बोटं नाचवली, त्या बोटांबरोबर त्याचा हात हलला, आणि एकीने खंजीर त्याच्या मुठीत दिला. संगीत टिपेला. मध्यंतरात चहाच्या रांगेत माझ्या पुढचे गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, ''त्याचा बिचाऱ्याचा काय दोष, बायकांनी करणीच केली की.'' त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. जे दाखवलं तेच त्यांना दिसलं.

चेटकिणी गाळा म्हणणाऱ्या वाचकांची तळमळ मला कळते. कॉम्रेड पानसरेंची भाषणं मीही ऐकली आहेत. पण संवाद मनातला आवाज केले की मॅकबेथ भ्रमिष्ट ठरतो, आणि भ्रमिष्टाकडे जाब कुणी मागायचा? शिवाय बँकोचं काय करणार? एकाच्या मनातला आवाज दुसऱ्याला ऐकू येत नाही.

कुणाला काय दिसतं, याचा हिशेब या नाटकात फार काटेकोर ठेवलेला आहे. पहिल्या अंकात तिघी दोघांनाही दिसतात. दुसऱ्या अंकात खंजीर एकट्या मॅकबेथला दिसतो, पण तो खरा नसावा एवढी शुद्ध त्याला आहे. तिसऱ्या अंकात मेजवानीला बँकोचं भूत येऊन मॅकबेथच्या आसनावर बसतं. १६२३ च्या छापील प्रतीत तशी रंगसूचनाच आहे. पण पंगतीतल्या एकाही सरदाराला ते दिसत नाही, आणि बायको दात-ओठ खात म्हणते की तू रिकाम्या स्टुलाकडे बघतोयस. चौथ्या अंकात तो स्वतःच्या पायाने चेटकिणींकडे जातो. आधी त्या वाटेत आडव्या आल्या होत्या, आता हा दार ठोठावतो. शिरस्त्राण घातलेलं मुंडकं, रक्तबंबाळ मूल, हातात झाड धरलेलं मुकुटवालं मूल, मग बँकोच्या वंशातल्या आठ राजांची रांग. सगळं संपल्यावर लेनॉक्स हा सरदार आत येतो. मॅकबेथ विचारतो, त्या बहिणी दिसल्या का तुला? नाही महाराज. तुझ्या जवळूनच गेल्या ना? नाही महाराज, खरंच नाही. पहिल्या अंकात दोघांनी पाहिलेलं आता एकाच्या डोळ्यांपुरतं उरलं.

पाचव्या अंकात तर काहीच नाही. भूत नाही, चेटकीण नाही, हवेतलं शस्त्र नाही. एक वैद्य आहे, एक दासी आहे आणि हातात मेणबत्ती घेऊन झोपेत चालणारी राणी आहे. ती हात चोळते, वास जात नाही म्हणते. वैद्य सांगतो, हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज आहे, आणि निघून जातो. राणी झालेल्या मुलीने हा प्रवेश सुरेख केला. हॉलमध्ये पंख्यांचाच काय तो आवाज राहिला. पण अलौकिकाकडून माणसाकडे येणारी ही उतरण कुठून तरी सुरू व्हायला हवी ना? पहिल्या माळावरच्या तिघी काढल्यात तर राणीचं झोपेतलं चालणं हा फक्त एक आजार राहतो.

भविष्य ही काय चीज आहे हे आपल्या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला खरं तर शिकवायला नको. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला केवढी गर्दी लोटते. भंडाऱ्याने सगळं पिवळं झालेलं, हातात तलवार घेऊन हेडाम खेळत येणारे बाबा, आणि मग पाऊसपाणी, पीक, महागाई, राजकारण यांवर मोजके बोल. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे वर्तमानपत्रांत ते छापूनही येतात. ऐकणारा आपल्या परीने अर्थ लावतो, राजकारणावरचा बोल दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने घेतात. पण पाऊस होणार असं ऐकून कुणी नांगरट न करता बसून राहिलाय असं मी पाहिलेलं नाही. मी लोकांच्या श्रद्धेची आणि त्या तिघींची बरोबरी करत नाही. बोल ऐकल्यावर माणूस काय करतो, तेवढंच दाखवतोय. बर्नमचं रान डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत तुला भीती नाही, बाईच्या पोटी जन्मलेला कुणी तुला इजा करणार नाही. हे मॅकबेथने हमी म्हणून घेतलं. सैनिक फांद्या तोडून समोर धरून आले, आणि ज्याच्या हातून तो मेला तो मॅकडफ आईचं पोट फाडून अवेळी काढलेला निघाला. शब्द दोन्ही खरे ठरले. भरवसा त्याने टाकलेला. आणि बँकोने पहिल्याच भेटीत बजावलं होतं की अंधाराचे हे हस्तक फुटकळ गोष्टीत खरं बोलतात आणि मोठ्या गोष्टीत बुडवतात.

आता ज्या गोष्टीबद्दल दोन्ही पत्रांत एक अक्षर नाही, आणि ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो, ती सांगतो. प्रयोगाच्या शेवटी मॅकबेथचं मुंडकं आणल्यावर डंकनचा मुलगा माल्कम याचे सैनिक तिघी चेटकिणींना केसांना धरून ओढत आणतात, खांबाला बांधतात आणि जाळतात. खालून लाल दिवे, टेबलफॅनवर फडफडणारं केशरी कापड, तिघींच्या किंकाळ्या. टाळ्या पडल्या. प्रयोगानंतर दिग्दर्शकाने मोठ्या प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांना अंधश्रद्धेचं दहन दाखवायचं होतं.

अंधश्रद्धेचं दहन दाखवायचं म्हणून तीन बायका जाळल्या. हे किती उलटं आहे हे तिथे कुणालाच जाणवलं नाही, याने मी रात्रभर झोपलो नाही.

शेक्सपिअरच्या नाटकात हा प्रसंग नाही. चौथ्या अंकानंतर त्या तिघी रंगमंचावर येतच नाहीत. शेवटच्या भाषणात माल्कम मेलेल्या खाटकाला आणि त्याच्या राक्षसी राणीला बोल लावतो, परागंदा झालेल्यांना परत बोलवायचं म्हणतो, राज्याभिषेकाचं आमंत्रण देतो. चेटकिणींना पकडा, शोधा, शिक्षा करा, असं एक वाक्य नाही. आणि हे नाटक साधारण १६०६ चं आहे, हे लक्षात घ्या. तेव्हा राजा कोण होता? हाच जेम्स. आधी तो स्कॉटलंडचा राजा होता. १५९० मध्ये डेन्मार्कहून राणीला घेऊन येताना समुद्रात वादळं झाली, त्यानंतर स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकच्या बायकांना धरलं गेलं. राजाच्या बोटीवर वादळ पाठवलं, हा आरोप. अॅग्नेस सॅम्पसन नावाची एक वयस्कर बाई होती, सुईणपण करणारी, औषधपाणी देणारी. तिचे अंगावरचे केस भादरून सैतानाची खूण शोधली, छळ केला, आणि राजाने स्वतः समोर बसून तिची जबानी घेतली. १५९१ मध्ये तिला गळा आवळून मारलं आणि प्रेत जाळलं. या बायका चाळणीत बसून समुद्रात गेल्या होत्या, असंही त्या प्रकरणाच्या छापील वृत्तांतात आहे. जेम्सने १५९७ मध्ये या विषयावर स्वतः पुस्तक लिहिलं, १६०३ ला तो इंग्लंडच्या गादीवर आला, १६०४ ला चेटकाचा कायदा आणखी कडक झाला. शेवटी तीन चेटकिणी जाळून राजाला खूश करणं शेक्सपिअरला किती सोपं होतं! त्याने ते केलं नाही. चारशे वर्षांनी कोल्हापुरात आम्ही केलं.

चाळणी नाटकातही आहे. पहिल्या अंकात मॅकबेथ येण्याआधी तिघी आपापसांत बोलत असतात, तो प्रवेश बहुतेक प्रयोगांत कापतात, आमच्याकडेही कापला होता. एक विचारते, कुठे होतीस? दुसरी म्हणते, डुकरं मारत होते. पहिली सांगते की एका खलाशाच्या बायकोच्या ओटीत चेस्टनट होते, ती एकामागून एक चावत बसली होती, मी म्हटलं मला दे, तर ती म्हणाली, चल निघ चेटके. म्हणून मी चाळणीत बसून तिच्या नवऱ्याच्या मागे जाणार, वारं सोडणार, त्याची झोप उडवणार. पण त्याचं गलबत बुडणार नाही, फक्त हेलकावे खाईल. म्हणजे त्यांची ताकद कुठवर, हेही तिथेच सांगून टाकलंय. माणसाची झोप उडवता येते, त्याला बुडवता येत नाही. मॅकबेथची झोप उडते, बुडतो तो स्वतः. हा प्रवेश कापून दिग्दर्शकाने नाटकाची किल्लीच फेकून दिली.

आणि त्या चेस्टनटमध्ये मला आमची आत्या दिसते.

आत्या भुदरगड तालुक्यात दिलेली. लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही, दिराच्या घरात एका सोप्यात राहायची. एकदा शेजारच्या घरी ताक मागायला गेली. त्या घरच्या सुनेने नाही म्हटलं. ताक होतं, पण नाही म्हटलं. आत्या काही न बोलता परत आली. पुढच्या आठवड्यात त्या घरची म्हैस आटली. देवऋषी बोलावला, त्याने तांदूळ टाकले आणि नाव न घेता खुणा सांगितल्या: पांढऱ्या कपाळाची, उत्तरेच्या दाराची, मागून न मिळालेली. झालं. पोरांना तिच्या सावलीतून ओढून नेऊ लागले, पाणवठ्यावर तिची घागर शेवटी, कुणाच्या घरी पाळणा हलला की तिला निरोप, की बाई, तुम्ही येऊ नका. एका अमावस्येला तिच्या दारात लिंबू, बिब्बा आणि फोडलेला नारळ टाकून दगड मारले. माझे वडील जाऊन तिला शिवाजी पेठेत घेऊन आले आणि मरेपर्यंत ती आमच्यात राहिली. शिकरण आवडायची तिला. पण आमच्या घरीसुद्धा तिने कधी तोंडाने काही मागितलं नाही. ताटात वाढलं तेवढं खाल्लं. तिला ताक हवंय का हे आई ओळखून विचारायची.

मागणारी म्हातारी, नाही म्हणणारं घर, त्यानंतर मेलेलं किंवा आटलेलं जनावर. शेक्सपिअरच्या इंग्लंडात डुकरं होती, आमच्या गावात म्हैस. २०१३ मध्ये २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, किंवा मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते, असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. जनावराचं दूध कायद्यात लिहावं लागलं, यावरून ओळखा. नंदुरबारकडे आजही डाकीण ठरवून बायकांना मारहाण होते, जीव जातात. मग त्या कायद्याच्या राज्यात, खांबाला बांधलेल्या तीन म्हाताऱ्या जळताना बघून टाळ्या वाजतात, तेव्हा त्या टाळ्या नक्की कशाला असतात? प्रेक्षकाने खुनी राजाचं मुंडकं पाहिलं तेव्हा टाळ्या नव्हत्या. बायका जळाल्या तेव्हा होत्या.

म्हणून माझी त्या संस्थेला विनंती आहे की, राज्य नाट्य स्पर्धेत हे नाटक उतरवणार असाल तर शेवटचा तो प्रसंग काढा आणि खंजीर मॅकबेथला स्वतःच्या कमरेतून उपसू द्या. कापलेला चेस्टनटचा प्रवेश परत घ्या, तीन-चार मिनिटांचाच आहे. हेकटी या चेटकिणींच्या देवतेचा भाग हवा तर गाळा, तो बहुधा मिडलटन या दुसऱ्या नाटककाराने मागाहून घातलेला आहे आणि त्याने काही अडत नाही.

राहिला चेहरा, जो माझा विषय आहे. वाकडं नाक मूळ नाटकात कुठेही नाही. बँको त्यांचं वर्णन करतो: वाळलेल्या, विचित्र कपड्यांतल्या, भेगाळलेलं बोट सुकलेल्या ओठांवर ठेवणाऱ्या, आणि बायका वाटाव्यात तर दाढी आडवी येते. बोटाला भेगा कशाने पडतात? थंडीत उघड्यावर राहिल्याने, भांडी घासून, लाकडं मोडून. हे गरीब म्हातारीचं वर्णन आहे. होलिनशेडच्या १५७७ च्या आवृत्तीतल्या चित्रात तर त्या तिघी नीटनेटक्या पोशाखातल्या बायका दाखवल्या आहेत. १६११ मध्ये ग्लोबला हे नाटक बघितलेल्या सायमन फोरमनने आपल्या टिपणात त्यांना पऱ्या किंवा वनदेवता म्हटलंय. उडत्या, गाणाऱ्या, नाचणाऱ्या चेटकिणी पुढे डॅव्हेनंट नावाच्या नाटककाराने आणल्या, लोकांना गंमत म्हणून. आपण त्या गमतीलाच शेक्सपिअर समजून बसलो.

आपल्याकडे शि. म. परांजप्यांच्या 'मानाजीराव'पासून शिरवाडकरांच्या १९५४ च्या 'राजमुकुट'पर्यंत या नाटकाने मराठी पोशाख घातला. मी स्वतः बऱ्याच वर्षांपूर्वी एका हौशी संस्थेसाठी या तिघींचे चेहरे केले होते, तेव्हा नाकाला पुट्टी लावली नाही की दात काळे केले नाहीत. आधी तिघींच्या भुवया ओल्या साबणाने दाबून चिकटवल्या, सुकल्यावर वरून पॅनकेकचा पातळ थर दिला. भुवया नाहीशा झाल्या की चेहरा ओळखीचा राहूनही अनोळखी होतो. राग, हसू, दया, काही कळत नाही. बघणाऱ्याला आपल्याच मनातलं त्यावर वाचावं लागतं, आणि या नाटकात नेमकं तेच हवं. मग दाढी. अख्खी दाढी लावली तर लोक हसतात. आत्याच्या हनुवटीवर गोंदणाच्या तीन ठिपक्यांशेजारी म्हातारपणी पांढरे राठ केस आले होते, उन्हात बसली की चमकायचे. तसे सुटे केस स्पिरिट गमचा ठिपका देऊन चिमट्याने एकेक बसवले. मागच्या रांगांना ते दिसत नाहीत, पण बँको झालेल्या नटाला दिसतात, आणि दाढीचं वाक्य म्हणताना तो खरंच अर्धं पाऊल मागे सरकतो. कपड्याला जुनेर, हातात एकीच्या चाळण, एकीच्या सूप. लढाई संपलेल्या माळावर सांडलेलं वेचायला आलेल्या बायका वाटल्या. हॉलमध्ये कुणी किंचाळलं नाही, कुणी हसलंही नाही, आणि मॅकबेथ दचकला तेव्हा ते सगळ्यांना दिसलं.

त्या संस्थेची मुलं तयार असतील तर मी येतो. माझा हात चालणार नाही, पण शेजारी बसून त्यांच्या रंगभूषा करणाऱ्या मुलाला दाखवीन. मानधन नको, सामान माझं. फक्त रंगीत तालमीच्या दोन दिवस आधी कळवा, कारण क्रेपची, म्हणजे खोट्या केसांची, वेणी उकलून, भिजवून, सरळ वाळवायला एक अख्खी रात्र जाते.

आपला,
एक निवृत्त रंगभूषाकार
शिवाजी पेठ, कोल्हापूर